कारण तर सांगा

सुकं खोबरं विमानात नेऊ देत नाहीत, आणि हा नियम योग्य आहे. खोबऱ्यात साठ टक्क्यांच्या वर तेल असतं. बंद जागेत दाबून भरलेलं खोबरं आपोआप तापत जाऊ शकतं, पेटूही शकतं. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याला 1363 असा स्वतंत्र क्रमांक आहे. पुणे विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यापाशी साताऱ्याकडच्या एक बाई उभ्या होत्या, लेकीच्या बाळंतपणाला बंगळूरला निघालेल्या. पिशवीतून खारीक, हळिवाची पुडी, डिंकाचा डबा निघाला आणि परत आत गेला. खोबऱ्याच्या वाट्या मात्र जवानाने बाजूच्या ट्रेमध्ये काढून ठेवल्या. "माताजी, ये अलाउड नहीं है." बाईंनी विचारलं, "का बरं?" उत्तर आलं, "नियम है." जवान उद्धट नव्हता, बाईंच्या मागे चाळीस माणसं खोळंबली होती. मी बाईंना तेलाचं आणि आगीचं सांगितलं, तर त्या लगेच म्हणाल्या, "मग तसं सांगायचं की! आमच्याकडं वल्या कडब्याची गंजी अशीच आतनं तापती आन् पेटती."

त्यांना एका वाक्यात कळलं. ते वाक्य कुठल्याही फलकावर लिहिलेलं नव्हतं. फलकावर फक्त चित्रं होती आणि त्यांवर लाल फुल्या.

*

पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत का ठेवू देत नाहीत, हेही असंच न सांगितलेलं. लिथियमची बॅटरी केबिनमध्ये पेटली तर कर्मचारी ती विझवू शकतात. खाली सामानाच्या कप्प्यात पेटली तर तिथवर कोणाचा हात पोचत नाही. एवढं ऐकल्यावर मी ओळखीच्या एकाही माणसाला पॉवर बँक खालच्या बॅगेत दडवताना पाहिलेलं नाही.

*

तपासणीच्या बहुतेक नियमांमागे एक-एक तारीख आहे. 22 डिसेंबर 2001 ला रिचर्ड रीड नावाच्या माणसाने बुटात दडवलेली स्फोटकं विमानात पेटवायचा प्रयत्न केला. अमेरिकेत सगळ्या प्रवाशांना बूट काढायला लावणं 2006 पासून सुरू झालं आणि ते थेट जुलै 2025 मध्ये थांबलं. ऑगस्ट 2006 मध्ये लंडनहून सुटणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीला आला. 100 मिलिलिटरच्या बाटल्या त्या कटातून आल्या. 25 डिसेंबर 2009 ला एकाने अंतर्वस्त्रात स्फोटकं लपवून नेली, आणि अमेरिकेत अंगभर स्कॅन करणारी यंत्रं झपाट्याने बसली.

म्हणजे घटना घडते, नियम येतो, आणि नियम तसाच राहतो. नियम ठेवला म्हणून कोणा अधिकाऱ्याला कधी शिक्षा होत नाही. काढला आणि दुसऱ्या दिवशी काही झालं, तर त्याची नोकरी जाते. या हिशेबात प्रवाशाचा वेळ, म्हाताऱ्यांचे गुडघे, व्हीलचेअरवरच्या माणसाची लाज यांना किंमतच लागत नाही.

सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी अशा दिखाऊ उपायांना सुरक्षेचं नाटक म्हटलं, त्याला वीसहून अधिक वर्षं झाली. 2015 मध्ये अमेरिकी सरकारच्याच माणसांनी प्रवासी बनून नकली बॉम्ब आणि हत्यारं तपासणीतून नेऊन पाहिली. 70 पैकी 67 वेळा ती पार गेली.

*

पण यावरून सगळीच तपासणी फोल ठरवणाऱ्यांशी माझं जमत नाही. कनिष्क आठवावं. 23 जून 1985. एअर इंडियाचं हे विमान आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं, 329 माणसं गेली. बॉम्ब असलेली बॅग व्हँकुव्हरला चेक-इन झाली होती आणि ती देणारा माणूस विमानात चढलाच नव्हता. टोरोंटोला सामान तपासणारं एक्स-रे यंत्र त्या दिवशी मध्येच बंद पडलं. उरलेल्या बॅगा हातातल्या साध्या हुंगणाऱ्या उपकरणाने तपासल्या गेल्या.

ज्या प्रवाशाचं सामान विमानाच्या पोटात आहे तो प्रवासी विमानात नसेल, तर ते सामान उतरवल्याशिवाय विमान हलत नाही, हा नियम जगभर काटेकोरपणे लागू झाला तो त्यानंतर. कोणीतरी गेटवर पोचला नाही म्हणून आपण वीस-पंचवीस मिनिटं आत बसून राहतो, चिडचिड करतो, तेव्हा खाली त्या माणसाची बॅग शोधली जात असते. या उपायासाठी प्रवाशाला पट्टा काढावा लागत नाही, रांगेत उभं राहावं लागत नाही. तो दिसतच नाही. विमानतळावर आपल्यासाठी जे काही केलं जातं, त्यातलं सगळ्यात मोलाचं काम मी या बॅग उतरवण्याला समजतो.

*

विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आली ती कंदाहारनंतर. डिसेंबर 1999 मध्ये काठमांडूहून निघालेलं आयसी-814 विमान कंदाहारला पळवलं गेलं. फेब्रुवारी 2000 मध्ये जयपूर हा या दलाकडे गेलेला पहिला विमानतळ. त्याआधी हे काम त्या-त्या राज्याचे पोलीस करायचे. एकाच दलाकडे एकच काम आल्याने शिस्त आली, हे मान्य करायला हवं. एक्स-रेच्या पडद्याकडे पाहत राहायचं काम सोपं नसतं.

*

हँडबॅगच्या टॅगवरचा शिक्का आठवतो? तो नसला की गेटवरून परत पाठवायचे. 1 एप्रिल 2017 पासून मुंबई, दिल्लीसह सात मोठ्या विमानतळांवर तो बंद झाला. कॅमेरे आणि इतर व्यवस्था पुरेशा आहेत असं ठरलं. आज कोणाला त्याची आठवणही येत नाही. एखादा नियम जबाबदारीने मागे घेता येतो, याचा हा आपल्याकडचा पुरावा आहे आणि तो पुन्हा पुन्हा दाखवायला हवा.

*

सुधा चंद्रन यांनी ऑक्टोबर 2021 मध्ये एक व्हिडिओ प्रसिद्ध केला. कृत्रिम पायावर नृत्य करून देशभर नाव झालेल्या या कलावतीला विमानतळावर दर वेळी पाय काढून दाखवायला सांगतात, निदान स्फोटकं टिपणाऱ्या यंत्राने तपासा अशी विनंती करूनही, असं त्या सांगत होत्या. दलाने माफी मागितली. त्या प्रसिद्ध होत्या म्हणून माफी तरी आली. जयपूर फूट लावून नाशिक-नागपूरहून प्रवास करणाऱ्या, जिचं नाव कोणाला ठाऊक नाही अशा बाईला पडद्याआड काय करावं लागतं, याचा व्हिडिओ निघत नाही.

*

11 सप्टेंबर 2001 नंतर कॉकपिटची दारं भक्कम झाली, आतून बंद होऊ लागली. विमान पळवणं त्याने खरोखर अवघड झालं. मग 24 मार्च 2015 ला जर्मनविंग्सचा कॅप्टन स्वच्छतागृहात गेला आणि सहवैमानिकाने दार आतून लावून घेतलं. कॅप्टन बाहेरून दार ठोठावत राहिला. बाहेरून कोड टाकायची सोय होती, पण आतला माणूस ती नाकारू शकत होता. 150 माणसं आल्प्सच्या डोंगरात गेली. दार ठरल्याप्रमाणे चाललं होतं. बाहेरच्याला अडवायचं, एवढंच त्याला शिकवलेलं होतं.

हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर फोन येतात. आमच्या ओळखीतल्या एका घरात कर्ता माणूस पहाटे झटक्याने गेला. फोनला बोटाचा ठसा आणि सहा आकडी कुलूप. त्या फोनमध्ये विम्याचे मेल, वीजबिल, सोसायटीचं खातं, दोन मुदतठेवींच्या पावत्या, मुलीच्या कॉलेजच्या फीचा ओटीपी. दहाव्याच्या आधीच बायको आणि मुलगा वाढदिवसांच्या तारखा टाकून पाहत होते, आणि फोन दर चुकीनंतर जास्त वेळ बंद होत होता. त्या माणसाने चोरापासून सगळं नीट जपलं होतं.

रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' हे पोर्टल 2023 मध्ये सुरू झालं ते अशाच, कोणी न विचारलेल्या ठेवी शोधण्यासाठी. नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. नॉमिनीचं नाव लावायला पासवर्ड लागत नाही, फक्त शाखेत जायची इच्छा लागते.

*

एटीएमचा पिन चार आकडीच का? जॉन शेफर्ड-बॅरन यांच्या यंत्रातून 1967 मध्ये लंडनला पहिले पैसे निघाले. हे गृहस्थ जन्मले आपल्या शिलाँगला. त्यांच्या डोक्यात सहा आकडे होते. स्वयंपाकघरात बसून बायकोला विचारलं, तर तिने सांगितलं की मला चारच आकडे लक्षात राहतात. ठरलं.

चार आकड्यांचे प्रकार होतात फक्त 10,000. तरीही पिन टिकला, कारण यंत्र तीन चुकांनंतर कार्ड अडवतं, आणि शिवाय कार्ड हातात असावं लागतं. आता याच्याशेजारी ई-आधारची पीडीएफ ठेवून पाहा. तिचा पासवर्ड सगळ्यांना माहीत असलेल्या साच्याचा: इंग्रजीत नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. फाइल ज्याच्या हाती पडली त्याला नाव ठाऊक असतंच. उरलं साल, म्हणजे जास्तीत जास्त शंभर पर्याय, आणि फाइल चुका मोजत नाही. काही बँकांची स्टेटमेंटं जन्मतारखेने उघडतात. शंभर वर्षांत तारखा असतात 36,525. संगणकाला त्या तपासायला फार वेळ लागत नाही.

म्हणून पासवर्डबद्दल मला कोणी विचारलं की मी आधी एवढंच विचारतो: चुकल्यावर समोरचा किती वेळा पुन्हा टाकू देतो? तिथे मर्यादा असेल तर छोटा पिनही चालतो. नसेल तर लांबी हवी. चार-पाच असंबद्ध मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहा, पोळपाट, रेडिओ, करवंद, पायरी असे. अर्थ लागू नये. अभंगाची ओळ, गाण्याचा मुखडा, शाळेचं ब्रीदवाक्य नको; जे आपल्याला पाठ आहे ते दुसऱ्यालाही पाठ असतं.

*

दर 90 दिवसांनी पासवर्ड बदला, त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह हवंच, हा छळ जगभरच्या कचेऱ्यांत जिथून पसरला ते टिपण 2003 मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेतल्या बिल बर यांनी लिहिलं. 2017 मध्ये निवृत्त बर यांनी वृत्तपत्राशी बोलताना त्यातल्या बऱ्याच गोष्टींबद्दल खेद व्यक्त केला, आणि त्याच वर्षी त्या संस्थेने नियम बदलला: फुटल्याची खूण असेल तेव्हाच पासवर्ड बदलायला लावा, चिन्हांचा आग्रह सोडा, लांबी वाढवू द्या.

आपल्या बँका, विद्यापीठं, सरकारी पोर्टलं अजून 2003 मध्येच आहेत. सक्तीने माणूस काय करतो ते कुठल्याही कचेरीत दिसेल. गणेश@123 चं गणेश@124 होतं, पुढच्या तिमाहीत गणेश@125. पाहणाऱ्याला पुढचाही सांगता येतो.

*

पासवर्ड वहीत लिहू नका, असं सांगणाऱ्यांना माझा ठाम विरोध आहे. लिहा. जाड पुठ्ठ्याच्या वहीत, शाईच्या पेनाने, आणि ती कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवा. रशियात की झारखंडात बसलेला चोर तुमच्या कपाटापर्यंत येत नाही. त्याच्याकडे असतात फुटलेल्या पासवर्डांच्या याद्या. 2009 मध्ये रॉकयू या कंपनीकडून 3 कोटी 20 लाख पासवर्ड जसेच्या तसे फुटले. त्यांत सगळ्यात लोकप्रिय होता 123456. अशा यादीतला तुमचा एक पासवर्ड घेऊन तो तुमचा मेल, तुमचं खरेदीचं खातं, तुमचं शेअरचं खातं, सगळीकडे लावून पाहिला जातो. एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरणं हा खरा धोका. दहा वेगळे पासवर्ड लक्षात ठेवणं माणसाला जमत नाही. मग वही, किंवा जमत असेल तर पासवर्ड सांभाळणारं ॲप.

घरातच ज्याच्यापासून जपायचंय असा माणूस असेल, तर वही चालणार नाही. मारहाण करणारा नवरा, फोन हिसकावणारा मुलगा. अशा घरातल्या बाईला देण्याचा सल्ला वेगळा: मेलचं खातं वेगळं, ओटीपीचा नंबर स्वतःचा, आणि तो माहेरी कोणाला तरी ठाऊक.

*

महा ई-सेवा केंद्रात एक दुपार बसून पाहावं. शिष्यवृत्तीचा, पीकविम्याचा, दाखल्याचा अर्ज भरायला माणसं येतात. लॉगिन केंद्रवाला तयार करतो, पासवर्ड तोच ठरवतो आणि बहुधा सगळ्यांना एकच देतो, कारण पुढच्या वर्षी ती माणसं परत येणार आणि त्यांना काहीच आठवत नसणार, हे त्याला माहीत असतं. अर्जाच्या पाठीवर पेन्सिलीने तो लिहिलेला असतो. ओटीपी येतो शेतात गेलेल्या मुलाच्या फोनवर. म्हातारी त्याला फोन लावते आणि तो सगळ्यांच्या देखत आकडे मोठ्याने सांगतो, म्हातारी ते तसेच पुढे सांगते.

केंद्रवाल्याने फसवलं नाही, तर त्याचा मी आभारी आहे; बहुतेक फसवत नाहीत. पण सुरक्षेची सगळी रचना एक माणूस, एक फोन, एक ईमेल असं धरून केली आहे. खटाव-माणमध्ये, गडचिरोलीत घराला एक फोन असतो. त्या घराला ओटीपी कोणाला सांगू नका असं बजावणं म्हणजे अर्ज भरू नका असं सांगणं आहे.

*

शहरात तरी वेगळं काय? गॅसचा सिलिंडर दारात येतो आणि डिलिव्हरीवाला कोड विचारतो. टॅक्सीवाला विचारतो. कुरिअरवाला विचारतो. दिवसभर आपण दारात उभं राहून अनोळखी माणसांना आकडे वाचून दाखवतो, आणि ते बरोबरच असतं. मग दुपारी बँकेच्या नावाने फोन येतो, तोही आकडेच विचारतो. सत्तरीच्या आजीने फरक ओळखायचा कशावरून? दोन्हींना ओटीपी हेच नाव आहे. सिलिंडरचा कोड आणि खात्यातून पैसे काढणारा कोड यांना वेगळी नावं, वेगळी रूपं द्यायला कुठला खर्च येतो? फसल्यावर "तुम्हीच तर सांगितला" हे वाक्य ऐकवणाऱ्या व्यवस्थेनेच ही सवय आपल्याला लावली आहे.

माझ्या घरात मी एवढंच सांगितलंय: वस्तू हातात किंवा टॅक्सी दारात आली की कोड सांगायचा, समोर काही येत नसेल तर नाही. आणि यूपीआयचा पिन पैसे जाताना लागतो, येताना कधीच लागत नाही.

*

लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर येणारी, नावाच्या शेवटी एपीके असलेली फाइल. वाहतूक पोलिसांचं चलन म्हणून येणारीही तीच. ती पत्रिका नसते, ते ॲप असतं. बसवलं की तुमचे मेसेज, ओटीपीसकट, दुसरीकडे जाऊ लागतात. पत्रिका पाठवणाऱ्याला फोन करून विचारा. खरी असेल तर त्यालाही बरं वाटेल.

*

11 ऑगस्ट 2018, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत शिरलेल्या प्रोग्रॅमने पैसे द्यायची मंजुरी बँकेऐवजी स्वतःच द्यायला सुरुवात केली. 28 देशांत नकली कार्डांवर पैसे निघाले. सोमवारी आणखी 13 कोटींच्या वर रक्कम हाँगकाँगच्या एका खात्यात गेली. एकूण 94 कोटी. पुढे पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवलं, तेही मुख्यतः पैसे काढणारे हात.

यात एकाही ठेवीदाराचा पिन कच्चा नव्हता. कोणी ओटीपी सांगितला नव्हता. ग्राहकांना जागरूक करणाऱ्या जाहिरातींवर बँका जो पैसा घालतात त्याच्याबरोबर, आपल्या यंत्रणेची तपासणी कोणी आणि कधी केली हेही वार्षिक सभेत सभासदांना सांगावं. सहकारी बँकेच्या सभेला जाणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न लेखी द्यावा. मी देतो.

*

अंगठ्याचा ठसा बदलता येत नाही. दस्तनोंदणीच्या कागदांवरचे ठसे उचलून, त्यांचे साचे करून आधारवरून पैसे काढल्याचे गुन्हे अनेक राज्यांत नोंदले गेले आहेत. आधारच्या ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करायची सोय आहे, फुकट आहे. रेशन किंवा पेन्शन ठशावर मिळत असेल तर तेवढ्यापुरतं उघडावं लागतं, हे आईवडिलांना शेजारी बसून दाखवावं लागेल.

*

डिजिटल अरेस्ट नावाची कुठलीही गोष्ट भारतीय कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय, न्यायालय कोणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही. तरी शिकलेली, मोठ्या हुद्द्यांवरून निवृत्त झालेली माणसं दोन-दोन दिवस खोलीत कॅमेऱ्यासमोर बसून राहिली आणि आयुष्यभराची पुंजी पाठवत गेली. त्यांना मूर्ख म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. वर्दी, शिक्का आणि इंग्रजीतलं पत्र दिसलं की कारण न विचारता ऐकायचं, हेच आपण त्यांना जन्मभर शिकवलं. विमानतळावर, बँकेच्या खिडकीवर, तहसील कचेरीत. चोराने तीच शिकवण वापरली.

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगायचं ते हे, की कारण विचारा. "कुठल्या कलमाखाली? लेखी पाठवा, मी मुलाला घेऊन चौकीत येतो." आणि फोन ठेवून द्या. फोन ठेवणं हा गुन्हा नाही.

*

पैसे गेलेच, तर लाजेने गप्प बसू नका. ताबडतोब 1930 वर फोन करा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, आणि वेळेत कळवलं तर मधल्या खात्यात गोठवता येतात. मग बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. चूक ना तुमची ना बँकेची, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर काहीही बोजा येत नाही. आणि समजा ओटीपी तुम्हीच सांगितला असेल, तरी तुम्ही कळवल्यानंतर जे पैसे जातील ते बँकेने भरायचे असतात.